विनीच्या डोक्यावर शिकलेल्या मुली

ऑकनशॉ गावातल्या निम्म्या सलूनवाल्या मुली विनी हॅलिवेलच्या डोक्यावर शिकल्या, आणि जे काही सोसायचं ते त्या डोक्यानं सोसलं. दर गुरुवारी दुपारी ती धंदेशिक्षणाच्या कॉलेजातल्या सलूनमध्ये जाऊन बसायची. शिकाऊ हात, म्हणून दर स्वस्त. एकीनं कान भाजला, एकीनं केस कुरळे करायचा पर्म करताना पुढची बट गायब केली, आणि गेल्या नाताळात तर तिचे पांढरे केस चक्क हिरवट निघाले. दर वेळी शेवटी मुलगी डोक्यामागं आरसा धरायची आणि विनी म्हणायची, "सुंदर! छानच झालंय गं पोरी."

विनी खोटारडी नव्हती. लँकाशायरच्या त्या भागात डोक्यामागं आरसा धरल्यावर दुसरं काही म्हणायची पद्धतच नाही. पोटात एक आणि ओठात एक, याला तिकडं संस्कार म्हणतात. हॉटेलात सूप गार आलं तरी 'उत्तम होतं' म्हणायचं आणि घरी पोचेपर्यंत कुरकुरत राहायचं.

घरी नवरा विल्फ वाटच बघत असायचा. "आलीस? मारामारीत कोण जिंकलं?"

"गप बसा. पोर नवीन आहे."

"तुझ्या नशिबी सगळ्या नवीनच. जरा हात बसला की पळते मोठ्या दुकानात."

ते खरं होतं, आणि विनीला त्याचाच अभिमान होता. डोक्यावरून फिरणारी ती अवघडलेली बोटं आणि कुणाचं कुणाशी फिसकटलं याच्या गप्पा, यावर तिचा आठवडा निघायचा.

सरकारला दर चार-पाच वर्षांनी साक्षात्कार व्हायचा की हातानं काम करणाऱ्यांनाही शिकवलं पाहिजे. मग नवा मंत्री, नवं धोरण आणि कॉलेजच्या फाटकावर नवी पाटी. विनीच्या डोळ्यांदेखत कॉलेजचं नाव चारदा बदललं. सलूनमधलं गळकं बेसिन मात्र तेच राहिलं. यंदा सुधारणा निधी निघाला होता. सलूनची शिक्षिका पॉलीन एंटविसल हिनं विनीला चहा दिला आणि समोर बसली.

"विनी, निधी कुणाला मिळणार माहितीये? ज्यांच्यात सुधारणेला वाव आहे त्यांना. आणि आपल्या गिऱ्हाइकांचं समाधान किती? शंभर टक्के!"

"मग चांगलंच की!"

"चांगलं कसलं डोंबल! लंडनवाले म्हणतात, सगळेच खूश आहेत तर सुधारायचं काय? निधी नाही मिळाला तर जुलैत सलूनला कुलूप. पुढच्या गुरुवारी त्यांचा माणूस येतोय, तो तुला विचारेल. आयुष्यात एकदा तक्रार कर गं. तुझ्या डोक्याकडं बघून त्याला लगेच पटेल."

विनीनं सराव घरातच सुरू केला. सकाळी ती म्हणाली, "अंडं कडक झालंय, विल्फ."

विल्फनं चमचा खाली ठेवला. "लग्न झाल्यापासून मी असंच उकडतो."

"लग्न झाल्यापासून मला ते आवडलेलं नाही."

विल्फनं दोन दिवस अंडं उकडलं नाही. पण विनीचं वाक्य तयार झालं: मागं वाकडं झालंय. भांडी घासताना म्हटलं, मांजराला म्हणून दाखवलं. मांजरानं मनावर घेतलं नाही.

गुरुवारी पॉलीननं मुद्दाम कीलीला उभं केलं. वर्गात सगळ्यांत कच्ची तीच. हिरव्या नाताळाची मानकरीही तीच. ही आपला लौकिक राखेल, असा पॉलीनला भरवसा. चूक एवढीच झाली की कीलीला कुणी काही सांगितलं नाही. लंडनहून साहेब आलाय म्हटल्यावर त्या पोरीला वाटलं, सलून वाचवायचं ते आपल्याच हातानं.

लंडनचे साहेब मिस्टर पेंबल्टन टॅबलेट घेऊन कोपऱ्यात बसले. कीलीनं जीभ दातांत धरली आणि कात्री उचलली. मध्येच थांबायची, दोन पावलं मागं सरकून बघायची, पुन्हा यायची. पॉलीनचा चेहरा हळूहळू पडत गेला. मग कीलीनं डोक्यामागं आरसा धरला.

विनीनं पाहिलं आणि तिला भरून आलं. मानेवर केस असे बसले होते की लग्नातही बसले नव्हते. समोरच्या आरशात कीली तिच्या तोंडाकडं बघत होती.

"मॅडम, अगदी मोकळेपणानं सांगा," पेंबल्टन म्हणाले. "काही सुधारता येईल असं वाटतं?"

पॉलीन त्यांच्यामागं उभी राहून डोळे मोठे करत होती. विनीनं तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं.

"सुंदर," ती म्हणाली. "फार सुंदर झालंय."

पेंबल्टननी मान डोलावली आणि टॅबलेटवर बोट टेकवलं. जुलैत सलूनला कुलूप लागलं, आणि सप्टेंबरात फाटकावर पाचवी पाटी चढली.

नोव्हेंबरात विनी सुपरमार्केटमध्ये लोकरीची टोपी घालून रांगेत उभी होती. गल्ल्यावर कीली. दूध, पाव, बिस्किटं एकेक करून सरकवत होती.

"कीली, तू हे काय करतेयस? तुझ्या हातात कला आहे, पोरी. त्या दिवशी खरंच सुंदर झालं होतं."

"तुम्ही नेहमीच असं म्हणता, मिसेस हॅलिवेल," कीली हसून म्हणाली. "हिरव्यालाही म्हणाला होतात."

विनीच्या तोंडात मारल्यासारखं झालं. आजवर उधळलेली सगळी 'सुंदर' परत आली होती, आणि त्यांतलं एकुलतं एक खरं ओळखायला काही खूण नव्हती. मागं रांगेत कुणीतरी घसा खाकरला. त्या गावात तक्रार ती एवढीच.

विनीनं टोपी काढली. "हे बघ. तेव्हापासून कुणाला हात लावू दिलेला नाही."

कीलीचा हात बिस्किटांच्या पुड्यावरच थांबला. ती उठली, गल्ल्यावरून वाकली आणि दोन बोटांनी विनीची मान हलकेच वळवून तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मागं वाकडे झालेत," ती म्हणाली. "गुरुवारी मला सुट्टी असते."