मला न येणारी कानडी

आमच्या घरात मांजर आडवं गेलं तर आम्ही ‘मांजर गेलं’ एवढंच म्हणतो. मी सोलापूरच्या एका शाळेत गणित शिकवते, माहेर माळशिरसचं. अंगात येणं, बाहेरचं, करणी-बिरणी असलं काही कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा ठेवायला जाते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण जे घडलं ते माझ्याच तोंडातून घडलं... दुसऱ्या कुणावर ढकलताही येत नाही.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. माझं बीपी वाढलं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि वर ‘जरा ध्यान वगैरे करा’ म्हणाले. आमच्या कॉलनीत दत्तमंदिराचा हॉल आहे, तिथे सकाळी ध्यानाचा वर्ग चालतो. घेतात मल्लिनाथ सर – बँकेतून रिटायर झालेले, मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, ताठ कणा. त्यांना हसताना वर्गातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. ज्याला खोकला असेल त्याने खोकून यायचं, अशी त्यांची शिस्त.

आमचे हेही माझ्याबरोबर यायला लागले. नवी पेठेत कापडाचं दुकान आहे. ‘बसायची सवय हाय की मला, दुकानात दुसरं काय करतो,’ म्हणाले. आणि खरंच, ते पहिल्या दिवसापासून उत्तम बसत. फक्त थोड्या वेळाने घोरत.

पद्धत साधी होती. मांडी घालायची, डोळे मिटायचे, श्वास आत घेताना मनात ‘सो’, सोडताना ‘हं’. विचार आला तर येऊ द्यायचा, पण त्याला बसायला पाट द्यायचा नाही, असं सर म्हणत. माझे विचार पाट स्वतःच घेऊन येत. नववीचे पेपर, कुकरची सैल झालेली रिंग, जाऊबाईंचं बोलणं...

मग एका सकाळी काहीतरी वेगळं झालं. लाइट गेल्यावर फ्रिजचा आवाज थांबतो ना, आणि तेव्हा कळतं की तो इतका वेळ चालू होता... तसं. सगळं गप्प झालं. छान वाटलं. आपल्याला जमलं, असं वाटून मी डोळे उघडले, तर अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. सरांचा चेहरा झब्ब्यापेक्षा पांढरा पडला होता. ‘आज इथपर्यंतच,’ म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.

मला वाटलं, मीही घोरले असणार. लाजेने मान वर होईना. बाहेर आल्यावर ह्यांना विचारलं.

‘घोरली न्हाईस,’ हे म्हणाले. ‘बोललीस. लई बोललीस. पन काय बोललीस त्ये न्हाय कळलं.’

वर्गातल्या पद्मक्कांच्या घरी तेलुगू बोलतात. त्यांनी लगेच सांगितलं की ही तेलुगू नव्हे. मग शोभा पुढे आली. ती माझ्याच शाळेत मराठी शिकवते, माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी बोलतात. ती इतकी हसत होती की तिला धड उभं राहवेना. तिचं म्हणणं, मी कानडीत बोलत होते. अस्सल खेड्यातली कानडी. आणि नुसती बोलत नव्हते, सरांना झापत होते.

मला कानडी येत नाही. सोलापुरात राहून बसमध्ये, बाजारात कानावर पडते, पण मला त्यातलं ‘बा’ म्हणजे ये, याच्यापुढे काही कळत नाही. शोभाला म्हटलं, थट्टा पुरे. पण ती सांगत गेली तसं हसू कमी होत गेलं. मी म्हणे सारखं कुणातरी ‘गुंड्या’ला विचारत होते – ‘ऊटा आतेनो?’ म्हणजे जेवण झालं का. मग किती वाळलास, पुजाऱ्यासारखा पांढरा काय हिंडतोस, घरातली भांडणं सुटेनात आणि चाललाय लोकांना श्वास शिकवायला. आणि शेवटी, अण्णाकडे जा. अण्णाला दम लागतोय, तो कुणाला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी जाणार नव्हते. ह्यांनीच नेलं. मोबाइल मांडीखाली दडवून रेकॉर्डिंग करतो, म्हणजे एकदाचं समजेल, म्हणाले. मी ठरवून जागी राहिले, मनात तेराचा पाढा म्हणत बसले. तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत आठवतंय... पुढे पुन्हा तीच शांतता. डोळे उघडले तेव्हा शोभा तोंडाला पदर लावून बसली होती, पण या वेळी हसत नव्हती. मी पुन्हा तेच बोलले होते, म्हणाली. रेकॉर्डिंग घरी येऊन ऐकलं. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत ह्यांचं घोरणं आहे. बाकी काहीही नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मल्लिनाथ सर आमच्या घरी आले. बसले नाहीत. दारातच उभं राहून मला विचारलं, ‘मॅडम, तुम्हाला हे कुणी सांगितलं?’

मी म्हटलं, ‘सर, मी काय बोलले तेसुद्धा मला शोभाने सांगितलं.’

ते शोभालाही विचारून आले होते. तिला अण्णा कोण हे माहीत नव्हतं. मग हळूहळू बसले, पाणी प्यायले, आणि सांगितलं. गुंड्या म्हणजे तेच. लहानपणी गोलमटोल होते म्हणून आई तसं म्हणायची. घरात दुसरं कुणी म्हणत नसे, आई गेल्यावर तर ते नावच गेलं. अण्णा म्हणजे थोरला भाऊ, मैंदर्गीला शेती बघतो. आई गेली तेव्हा त्याने निरोप वेळेवर पाठवला नाही, सर पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. भावाचं म्हणणं, निरोप पाठवला होता. सरांचं म्हणणं, नाही पाठवला. एवढंच भांडण, आणि त्यात अर्धं आयुष्य गेलं.

‘त्याला दम लागतो का, मला माहीत नाही,’ सर म्हणाले. ‘विचारणार कसं?’

माझे हेच बोलले. ‘सर, जाऊन तर या. खोटं निघालं तर हिला वर्गातनं काढा, मी येतो एकटा.’

सर सकाळच्या गाडीने गेले. दुपारी शोभाला त्यांचा फोन आला. भाऊ दारात बाजेवर बसला होता. बसून होता, कारण विहिरीपर्यंत चालवत नव्हतं, आणि सुनांना त्याने गुडघा दुखतो म्हणून सांगितलं होतं. सरांना पाहून म्हणाला, ‘आता कशाला आलास?’ सरांनी जीप केली, भावाला आत बसवलं आणि सोलापूरला आणलं. रस्ताभर दोघं भांडत आले म्हणे. डॉक्टर म्हणाले, हृदयाची नळी जवळजवळ बंद आहे, अजून थोडे दिवस गेले असते तर सांगता येत नाही. ऑपरेशन झालं. नीट झालं.

वर्ग पुन्हा सुरू झाला. मी बसते, पण ती शांतता परत आली नाही. नववीचे पेपर आणि जाऊबाई पुन्हा हजर आहेत. बीपी होतं तेवढंच आहे. मध्ये मी मोबाइलवर कानडी शिकायचाही प्रयत्न केला. आकड्यांच्या पुढे गाडी जात नाही, आणि माझे उच्चार ऐकून शोभा कानावर हात ठेवते. तिचा अंदाज असा की बाजारात ऐकलेलं डोक्यात कुठेतरी साठलं असेल. असेल. पण मग गुंड्या? आणि अण्णाचा दम?

एक सांगायचं राहिलं. भावाला दवाखान्यातून सोडायच्या आधी सर मला भेटायला घेऊन गेले. अण्णा कॉटवर उशीला टेकून बसले होते, दाढीचे पांढरे खुंट, एका हाताला सलाइनच्या सुईची पट्टी. मला मराठीतच ‘बसा’ म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि कानडीत बोलायला लागले. सर मध्ये म्हणाले, मॅडमना कानडी येत नाही. अण्णांनी हातानेच सरांना गप्प केलं आणि बोलत राहिले... हळू, थांबत थांबत, मध्येच लहान मूल आईकडे करतं तशा तक्रारीच्या सुरात. मला एक शब्द कळला नाही. मी मान हलवत राहिले आणि त्यांच्या पट्टी नसलेल्या हातावर हात ठेवला. बोलून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि नर्सला चहा मागितला.

सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. खाली उतरताना मी विचारलं, काय म्हणाले ते? सरांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही, आणि हे सगळं काय होतं, ते मला आजही माहीत नाही.