दारूबंदीतले कोंडीरामदादा

माणूस प्यालाय की नाही, हे मी पायांवरून सांगतो. तोंडाच्या वासाचं काय, बडीशेप चघळली की गेला. पाय मात्र लपत नाहीत. ही विद्या मला फुकट आलेली नाही. दहा वर्षं मी स्वतः हातभट्टीची घेत होतो. ती सोडवली डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतल्या शेजारच्या कोंडीरामदादांनी. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले, माझी बाटली मोरीत ओतली आणि म्हणाले, "राजाराम, आता हे आपल्या घरात नाय." तेव्हापासून मी थेंब घेतला नाही. म्हणूनच अठ्ठावन्न साली दादाच झोकांड्या खायला लागले, तेव्हा माझं पित्त खवळलं.

दादा चिपळूणकडचे. पंधराव्या वर्षी मुंबईत आले आणि गिरणीच्या रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या कामाला, लागले. मागावर आपल्या माणसांना तेव्हा घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपलं उष्टं कुणाला चालत नसे. हे दादांना कायम सलायचं, पण कामाला गडी वाघ. साच्यांच्या दोन रांगांमधून दिवसभर चालायचं, चालता चालताच तुटलेला धागा जोडायचा आणि त्याच वेळी पलीकडच्या गड्याशी ओरडून गप्पा हाणायच्या, असं त्यांनी चाळीस वर्षं केलं. तोच माणूस साठी उलटल्यावर कठडा धरून जिना उतरू लागला, पाय फाकवून, घासत. मी मनात म्हटलं, ही चाल आपल्या ओळखीची आहे.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मी पाळत ठेवली. दादा संध्याकाळी बाहेर पडले की वीस पावलं मागे मी. दोनदा ते गल्लीच्या तोंडाशी थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि भलत्याच चाळीचा जिना चढले. अड्डा तिथेच असणार! त्या चाळीतल्या भिवाला गाठून विचारलं, तर तो म्हणाला, "कसला अड्डा? म्हातारा येतो, दारं बघतो नि जातो." मी समजलो, भिवाही सामील आहे.

दादांच्या बायकोला, सुंदरावहिनींना, संशय होताच. दादा घरात आले की टॉवेल द्यायच्या निमित्ताने त्या त्यांच्या तोंडाजवळ जायच्या. मला एकदा म्हणाल्या, "वास तर काय येत नाय हो भावजी. पन काल मला विचारतात, तू कोन? प्यालेला मानूसच असं विचारतो ना?" बोलताना डोळ्यांत पाणी होतं. बुद्धवंदनेला दादा सगळ्यांच्या पुढे बसायचे. त्यांनी दीक्षेतली दारू न पिण्याची शपथ मोडली असं ठरलं असतं, तर त्या घराला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

अशात संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला. आमच्या चाळीचा झेंडा नेहमी दादांच्या हाती. परळच्या नाक्यावर घोषणा सुरू झाल्या. दादांनी ओरडायला तोंड उघडलं आणि भर रस्त्यात जागीच थांबले. मागची माणसं त्यांच्यावर आदळली, दादा कोलमडले, झेंडा खाली पडला. माझं डोकं फिरलं. "घेतलीय यांनी!" मी ओरडलो. "शपथ घेऊन पितात!" बाजूला हवालदार उभा होता. दारूबंदीचे दिवस; मोर्चातला माणूस उचलायला त्याला आयतं कारण मिळालं. त्याने दादांना तपासणीसाठी इस्पितळात नेलं. वहिनींना घेऊन मीही मागोमाग पोचलो.

डॉक्टरांनी तोंडाचा वास घेतला, डोळे पाहिले. मग फरशीवर खडूने रेघ ओढून म्हणाले, "बाबा, यावरून चाला." दादांचे पाय रेघेच्या दोन्ही बाजूंना पडत होते. मागे वळायला त्यांना आठ पावलं लागली, मी मोजली. हवालदार हसला. मीही त्याच्याकडे बघून मान हलवली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते दादांच्या शेजारून चालू लागले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "गिरणीत कुठल्या खात्यात होतात?"

दादा थांबले. "रिंगमधी," म्हणाले, आणि मग पुन्हा चालू लागले. "मुलं किती?" पुन्हा थांबले. डॉक्टरांनी पाचदा काहीबाही विचारलं, पाचही वेळा दादा आधी थांबले आणि मग बोलले.

"आज काही घेतलंत का, बाबा?" शेवटी डॉक्टरांनी विचारलं.

दादांनी हात जोडले. "घेतली असंल, सायेब. मला याद नाय. पन राजाराम म्हनतो म्हंजी घेतली असंल. तो खोटं नाय बोलायचा."

मला तिथे उभं राहवेना.

डॉक्टरांनी वहिनींकडून आणि माझ्याकडून सगळं काढून घेतलं, भलत्या जिन्यांचं आणि 'तू कोन'चंही. मग म्हणाले, "यांनी दारू घेतलेली नाही. मेंदू थकत चाललाय. नुसतं चालायलाच सगळं लक्ष लागतं, बोलायला शिल्लक राहत नाही. लोक म्हातारचळ म्हणून हसतात, पण हा आजार आहे. एकटं सोडू नका, पडतील." वहिनींनी पदर तोंडात धरला. "दारू असती तर मी सोडवली असती हो," एवढंच म्हणाल्या.

हवालदाराने दादांना सोडून दिलं. घरी आल्यावर मी त्यांचे पाय धरले. त्यांनी हसून माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा माझ्या दारात उभे. हात जोडलेले. "राजाराम, माज्या हातून शपथ मोडली. वंदनेला समद्यांना तूच सांग."

"दादा, तुम्ही प्याला नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "मला वाचवायला खोटं बोलतोस व्हय रे?"

तिसऱ्या दिवशी तेच झालं, महिन्याने तेच. साठ साली महाराष्ट्र झाला, चाळीत दिवे लागले, पेढे वाटले. दादांना ते कशाचे, हे कळलं नाही. गिरणी विसरले, मोर्चे विसरले, पोटच्या पोरांची नावं विसरले. पेढा हातात धरून वहिनींच्या आधाराने माझ्या दारात आले आणि माफी मागू लागले. मी रस्त्यात ओरडलेलं ते एक वाक्य तेवढं त्यांच्या ध्यानात राहिलं होतं.