पोलंडचा कॅमेरा

पोलंड वर्गाला बूट घालून बसायचा. वर्ग म्हणजे कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल. एका सेमिस्टरसाठी तो पुण्यात शिकायला आला, आमच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहिला आणि सहाव्याच दिवशी लॉकडाऊन लागून कॉलेज बंद पडलं, तास ऑनलाइन सुरू झाले. त्याचं खरं नाव आईच्या तोंडात बसेना, म्हणून तिने त्याचा देशच त्याला बहाल केला. "पोलंड, घरात बूट?" ती ओरडायची. "काकू, कॉलेजला चाललो," असं नव्या मराठीत सांगून तो चार पावलं चालायचा आणि टेबलाशी बसायचा. शेवटी आईने त्याच्या बुटांचे तळवे साबणाने घासले आणि विषय मिटवला.

मीही त्याच वर्गात होतो. फक्त पलीकडच्या खोलीत, पांघरुणात, कॅमेरा बंद करून. बाकीचेही तसेच. पडद्यावर आमची नुसती नावं आणि चेहरा एकट्या पोलंडचा. त्यामुळे अर्थशास्त्राचे सर त्या एकट्यालाच शिकवायचे. त्याने मान डोलावली की पुढे सरकायचे. त्याच्या कपाळावर आठी दिसली की सगळ्या वर्गाला तोच मुद्दा पुन्हा. मधेच आईचा हात पडद्यावर येऊन पोह्यांची बशी ठेवून जायचा. सर म्हणायचे, "खाऊन घ्या. मागणी-पुरवठा कुठे पळून जात नाही."

एकदा मी म्हटलं, "लेका, बंद कर की कॅमेरा. आडवा हो जरा."

"मग सर कोणाशी बोलणार?" त्याने गंभीरपणे विचारलं.

मला खरंच लाज वाटली. पांघरूण मात्र सुटलं नाही.

तीन महिन्यांनी त्याला मायदेशी नेणारं विमान मिळालं. काळजी त्याला प्रवासाची नव्हती, सरांची होती. दारात उभा राहून त्याने विचारलं, "उद्या सरांसमोर कोण?"

"बघू," मी म्हटलं.

पुण्यात 'बघू' म्हणजे 'नाही', एवढं तो तोवर शिकला होता. बॅग उचलून जिना उतरून गेला. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर दोन वाक्यं बोलले आणि थांबले. "आहे का कोणी?" पडद्यावर फक्त नावं. सर नुसतेच चष्मा पुसत राहिले. मला ते बघवेना. उठलो, केसांवरून ओला हात फिरवला, टेबलाशी जाऊन बसलो आणि कॅमेरा लावला.

सरांनी चष्मा चढवून मला निरखलं. "अरे वा! आपणही याच वर्गात का? बसा, बसा. कालपर्यंतचं समजलंय ना?"

"नाही सर."

"काहीच नाही?"

"नाही सर."

"छान!" सरांचा चेहरा उजळला. "मग पहिल्यापासून घेऊ."