'करतील' की 'करावी'

टीव्हीवर हवामानाच्या जागतिक परिषदेची बातमी चालू होती. भारताच्या पाटीमागे, दुसऱ्या रांगेत, माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली बसली होती. तिने पुढे वाकून आपल्या प्रमुखांना एक कागद दिला.

सांगलीच्या कॉलेजात मी आयुष्यभर करार, तह, नकाराधिकार शिकवले. असलं सभागृह पाहिलं ते फक्त पुस्तकातल्या फोटोत. शेजारणीला म्हणाले, "आमची वैशाली हो." खरं तर मनात नुसता जळफळाट होता.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला.

"मॅडम, करारात राष्ट्रं कार्बन उत्सर्जनात कपात 'करतील' लिहायचं की 'करावी', यावर दोन दिवस अडलंय. 'करतील' म्हटलं की बंधन येतं, मग मोठे देश सही करत नाहीत. तुम्ही काय केलं असतंत?"

उत्तर मला ठाऊक होतं. तरी म्हणाले, "तिथे बसलेल्यांना जास्त कळतं."

"इथे कुणाला विचारायची सोय नाही, मॅडम. जो तो कुठल्या ना कुठल्या देशाचा आहे."

मी खुर्ची ओढून बसले. "'करतील' सोडू नकोस," म्हटलं, "मुदत वाढवून दे."

मत्सर गेला नव्हता. आवाज मात्र वर्गातला निघाला.