सामिन्तेनचं तांब्याचं नाणं

जावा बेटावरच्या क्लातेनजवळच्या त्या गावात कुणाला कणकण आली, पोट बिघडलं किंवा सासूशी भांडून डोकं चढलं, तरी निदान एकच: अंगात वारा शिरला. उपायही एकच. सामिन्तेनबाईंकडे, म्हणजे तिथल्या बोलीत बू सामिन्तेनकडे जायचं, पाठीला तेल लावून घ्यायचं आणि ती तांब्याच्या नाण्याच्या कडेनं बरगड्यांवर पट्टे ओढेल ते सोसायचं. पट्टा जितका लाल, तितका वारा जास्त. नाणं तिच्या आईचं, डच अमदानीतलं.

सगळ्यात हक्काची पाठ नवऱ्याची. कासिरान हातगाडीवर दावेत विकायचा. नारळाच्या दुधात गुळाचा पाक, वर बर्फ. तो तिला 'बुने' म्हणायचा, ती त्याला 'पाक्ने'. पोरांची आई, पोरांचा बाप, एवढाच अर्थ.

एकदा त्याच्या कमरेवर खाजरे लाल चट्टे उठले.

"बघा, केवढा वारा!" ती खूश झाली.

"अगं, मी माणूस आहे की सायकलची ट्यूब?"

आरोग्य केंद्रात जाताना मोटारसायकलवर वारा लागणार, म्हणून निघण्याआधी ती त्याला नीट घासून द्यायची. डॉक्टर शर्ट वर करत, पट्टे बघत आणि हसत. "आधी हे घासणं बंद करा." मग मलम. घासणं काही बंद झालं नाही, मलमं तेवढी बदलत गेली. कातडीचा तुकडाही दोनदा काढून तपासला. दोन्ही वेळा उत्तर 'नुसती सूज'.

शेवटी सात वर्षांनी योग्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त मागितलं.

"कातडी नीट सांगत नाहीये, बू. रक्तावर तुमचं नाणं चालत नाही. आपल्या पांढऱ्या पेशी हजार तऱ्हेच्या असतात, प्रत्येकीच्या आत वेगळी खूण. ती आता रेणूपर्यंत जाऊन वाचता येते. सगळीकडे एकच खूण सापडली, तर मात्र वाईट."

"म्हणजे बाटिकचा एकच ठसा सगळ्या कापडावर मारल्यासारखं?"

"तस्संच."

तीन आठवड्यांनी कागद आला. एकच ठसा. रक्तात तो, चट्ट्यांतही तोच. कातडीतला कर्करोग रक्तात उतरला होता.

"माझ्या घासण्यानं?" सामिन्तेननं विचारलं.

"नाही, बू. घासण्यानं हा रोग होत नाही." गोड खोटं बोलायला डॉक्टरीणबाई अजून शिकल्या नव्हत्या. "झाकला मात्र गेला."

बसमध्ये कासिरान म्हणाला, "सात वर्षं फुकट मालिश झालं, बुने. तोटा कसला?" घरी आल्यावर तिनं नाणं तांदळाच्या डब्यात तळाशी पुरलं.

औषधं झाली, किरणं झाली. वर्षभरात त्याची हातगाडी अंगणात गंजली. एका दुपारी, भर उन्हात, तो कुडकुडत म्हणाला, "बुने, वारा शिरलाय. नाणं काढ."

"डॉक्टरीणबाई नको म्हणाल्यात."

"थंडी त्यांना वाजतेय की मला?"

तिनं तांदूळ उपसले, नाणं काढलं, त्याचा शर्ट वर केला. मानेपासून कमरेपर्यंत लाल नसलेली बोटभरही जागा उरली नव्हती. पट्टा ओढायचा कुठे? तिनं नाणं मांडीवर ठेवलं, अंगठा तेलात बुडवला आणि फुंकर घालावी इतक्या हलक्या हातानं बरगडीवरून फिरवला.

"लाल झालं का गं?"

"छे. काहीच उठलं नाही. आज अजिबात वारा नाही."

"खोटारडी," तो म्हणाला आणि पाठ तिच्या हातावर टेकवली. "घास अजून."

तेल सुकलं, तरी तिचा अंगठा फिरतच राहिला.