वरच्या पाड्याचं पाणी
डोळखांबच्या बाजूला एका टेकडीच्या पायथ्याशी पंपाची खोली आहे. तिथून चार पाड्यांना आळीपाळीनं पाणी सुटतं. आता पाळी कोणाची आणि पाणी किती गेलं, हे लक्षात ठेवणारा छोटासा डेटाबेस मी बनवला होता, डब्याएवढ्या यंत्रातल्या नखाएवढ्या चिपवर. घरी टेबलावर तो इतका झकास चालायचा की मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

पंपाच्या खोलीत मात्र त्याची दाणादाण उडाली. पंप बघणाऱ्या काकांची रीत अशी, की डोंगरावर ढग काळवंडला रे काळवंडला की मेन स्विच खाली. विजेनं मोटार जळू नये म्हणून. वैशाखात तर दुपार झाली की ढग. स्विच पडायचा नेमका नोंद लिहिली जात असताना. नोंद अर्धवट राहायची, यंत्र गोंधळायचं आणि पुन्हा पहिल्या पाड्यापासून पाणी सोडायचं. खालचे पाडे दोनदा भरायचे, टेकडीवरचा चौथा कोरडाच.

मी भडकले. "काका, जरा दम धरून बंद करा ना!"

"मोटार जळली तं चारी पाडं कोरडं पडतील. तुझा डबा ऱ्हाऊ दे गो."

मुरबाडला घरी परतताना मी धुमसत होते, आणि वाटेतच ते सुचलं! जुन्या नोंदीवर नवी लिहायचीच कशाला? नवी शेजारी लिहायची, पुरी झाली की तिच्यावर खूण करायची. यंत्र जागं झालं की खूण असलेली सर्वांत नवी नोंद धरायची, बिनखुणेची सोडून द्यायची. पातेलं घासायला टाकण्याआधी दूध दुसऱ्यात ओततो, तितकं साधं. मी स्कूटर थांबवून चक्क ओरडले.

नवा डेटाबेस बसवला आणि म्हटलं, "काका, आता हवा तेव्हा ओढा स्विच."

पाळी चौथ्या पाड्याची होती. ढग नसतानाच त्यांनी ओढला, धार तुटायच्या आत वर केला. पडद्यावर 'पाडा चार'. पुन्हा ओढला. पुन्हा 'पाडा चार'! काकांना चेव चढला. "परत वढू?"

त्यांनी ओढला, या वेळी जरा वेळ खालीच ठेवला आणि माझा फोन वाजला. वरच्या पाड्यावरची मावशी, नळाला हंडा लावून बसलेली.

"गेलं गो पानी! उचलते आता हंडा."

"मावशी, हलवू नकोस!"

काकांनी स्विच वर केला. फोनवर आधी नळाची खरखर, मग हंड्यात पडणारी धार.

"आलं ना?"

"आलं. गेलेलं पानी आमच्याकडं परत कदी आलं नव्हतं गो."