रक्त येतं म्हणून गुडाखू

तुमची मुलगी दात घासून थुंकते, ते पाणी तुम्ही कधी पाहिलं आहे का? उरला या गावच्या बस थांब्यावर रोज दिसणारी एक बाई ते पाहायची, आणि तरीही लेकीच्या हिरड्यांना गुडाखू लावायची. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा. पदराच्या गाठीतून डबी काढून ती आधी स्वतःच्या, मग गणवेशातल्या पोरीच्या हिरड्यांवर बोट फिरवायची, तेही इतक्या मायेनं की माझा संताप व्हायचा. पोरगी थुंकली की लाल.

एकदा मी म्हणालोच, "ताई, हिरड्या सडून राहिल्या तिच्या! तंबाखू आहे ती."

"तंबाखू खातेत, भैया. हे तं घासतेत," ती हसली. "रक्त येते म्हणून तं लावून देते. लावलं का दुखणं थांबते."

पोरगी खाली बघत म्हणाली, "नहीं लगाओ तो सिर दुखता है."

बाईचं हसू थांबलं. बोट मात्र पुन्हा डबीत गेलं.

हे व्यसन आपण मंजन म्हणून खपू देतो. उद्या सकाळी मुलांना तुमच्यासमोर दात घासायला लावा. थुंकी लाल दिसली तर दाताच्या डॉक्टरकडे न्या, आणि घरात डबी असेल तर आधी ती नालीत रिकामी करा.